फाटकाचा फोटो

लातूर
६ जानेवारी २०२५

प्रिय सादिया,

पत्र बघून हसशील. हातात फोन असताना ही बाई पोस्टात कशाला गेली, म्हणशील. पण तूच सांगितलं होतंस की फोन वाजला की अलीझा कान दाबून बसते, म्हणून तुमच्याकडे फोन दिवसभर आवाज बंद करून कपाटात असतो. आणि पोस्टमन आला की तीच दारात जाते, पाकिटं तिकिटांच्या रंगाप्रमाणे लावून ठेवते. म्हटलं, मग पत्रच लिहू. आत तुझ्यासाठी, वर तिच्यासाठी. तीन वेगवेगळी तिकिटं लावली आहेत.

बातमी ही की मी शाळेची कंत्राटी नोकरी सोडली. औसा रोडला ‘मौजनगरी’ नावाचं मोठं पार्क झालंय. पाण्याच्या घसरगुंड्या, छोटी रेल्वे, आकाशपाळणा. तिथे पाहुण्यांच्या चौकशी कक्षात लागले. डी.एड.ला आपण बालमानसशास्त्र पाठ केलं, त्याचा उपयोग आता लोकांना टॉयलेट कुठे ते सांगण्यात होतो.

गेल्या आठवड्यात उदगीरचं एक कुटुंब आलं. त्यांची लेक तुझ्या अलीझासारखीच. रांगेत पाऊण तास उभी राहिली, मग जमिनीवर बसून डोकं आपटायला लागली. लोक बघत राहिले. ते आत न जाताच परत गेले. मला राहवलं नाही. मालकांना, ईश्वरप्पा शेठना, जाऊन सांगितलं की मोठ्या शहरांतल्या पार्कांत अशा मुलांसाठी सोय असते. रांग नसते, शांत खोली असते. शेठ म्हणाले, “म्याडम, लई चांगलं हाय. पन मला त्यातलं काय कळत न्हाई. तुमीच लिहून द्या.”

तर तू सांग. पुस्तकातलं नको. अलीझाला काय लागतं?

तुझी,
शिवकन्या

*

नांदेड
१५ जानेवारी २०२५

शिवा,

सलाम. पाकीट अलीझाकडे आहे, पत्र माझ्याकडे. वाटणी बरोबर झाली.

अलीझाला काय लागतं, असं अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. विचारतात ते ‘कधी बरी होईल’. स्वमग्नता हा आजार नाही, हे सांगून माझं तोंड दुखलं.

ऐक मग. तिला आधी सांगावं लागतं. तोंडाने नाही, फोटोने. अशा मुलांच्या सेंटरवर दोन वर्षं आम्ही तेवढंच शिकलो. ऑटोचा फोटो, डॉक्टरच्या दाराचा, खुर्चीचा, मग आपल्या घराचा. दाखवलं त्याच क्रमाने घडलं, तर ती कुठेही येते. मागच्या वर्षी असाच दात काढून आणला, हूं की चूं नाही. आपण जबान देतो ना, तसा तिच्यासाठी फोटो. एकदा दाखवला की दिला.

मोठा आवाज नको. भोंगा, शिट्टी, वाजंत्री, काहीच नको. अनोळखी माणसाने गालाला हात लावायचा नाही. आणि तिला पाळणा हवा. माळेगावच्या जत्रेत एसटीच्या खिडकीतून आकाशपाळणा दिसला होता, तेव्हापासून आमच्या छपाईच्या प्रेसच्या फरशीवर खडूने गोल काढत बसते. नासिर कागदाचे गठ्ठे त्या गोलांवर ठेवत नाही, वळसा घालून जातो. दोनदा जत्रेत नेलं, दोन्ही वेळा भोंग्यापासून परत आलो.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण लिहिते. डिसेंबरात यासेरचं, माझ्या दिराचं, लग्न झालं. कार्ड आमच्याच प्रेसमध्ये छापलं. खाली पोरांची ओळ असते ना, ‘हमारे चाचू की शादी में जलूल जलूल आना’, तिच्यात घरातल्या पाच पोरांची नावं आली. अलीझाचं नाही. सासूबाई म्हणाल्या, मुलीकडचे विचारतील ही कोण, लग्नात दिसली नाही. प्रूफ नासिरनेच वाचलं. बापाने शंभर चुका काढल्या असतील त्या दिवशी, ही काढली नाही.

असू दे. तुझी खोली होऊ दे.

सादिया

*

लातूर
१ फेब्रुवारी २०२५

प्रिय सादिया,

झाली! शेठनी खोली दिली. ऑफिसच्या मागची, एसी आहे, जाड पडदे लावले. भोंग्याची वायर काढून टाकायला लावली. अशा मुलांच्या मनगटाला निळा पट्टा बांधायचा, पट्टा दिसला की रांग नाही. नीलाबाई म्हणून आमच्याकडे एक बाई आहेत, त्या पूर्ण वेळ तुमच्यासोबत राहतील. कमी बोलतात. तेच पाहिजे ना?

सोबत सहा फोटो पाठवते. फाटक. पट्टा बांधायची खिडकी. नीलाबाई, त्यांच्या हिरव्या साडीत. शांत खोली. आकाशपाळणा. शेवटी ऑटो, परतीचा. मागे नंबर टाकलेत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी. मंगळवारी गर्दी नसते. तुम्ही पहिले.

शिवकन्या

*

नांदेड
७ फेब्रुवारी २०२५

शिवा,

रोज सकाळी चहा झाला की अलीझा सहाही फोटो फरशीवर ओळीने मांडते. फाटकापासून सुरू करते. एखादा इंचभर तिरका झाला तर परत पहिल्यापासून. नीलाबाईंना तर ती ओळखायला लागली आहे. काल पाचव्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, “गोल.” शिवा, ही पोरगी वर्षाला दहा शब्द बोलते. त्यातला एक तुझ्या पाळण्याला दिला. नासिर मशीन बंद करून ऐकायला आला, तर परत बोलली नाही.

एकच मागणं आहे. फाटक फोटोत आहे तसंच राहू दे. रंग द्यायचा असेल तर एकोणीस तारखेला द्या.

सादिया

*

लातूर
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय सादिया,

काळजी करू नकोस. सगळं फोटोतल्यासारखंच आहे.

सासूबाईंनाही आण, बेगमबींना. घरातलं मोठं माणूस सोबत असलेलं बरं. अलीझाला ईदचा तो निळा फ्रॉक घाल, पट्ट्याला शोभेल. अकरा वाजता पोचा, उशीर नको.

घाईत आहे.

शिवकन्या

*

नांदेड
२१ फेब्रुवारी २०२५

शिवकन्या,

तुझे नऊ फोन येऊन गेले. फोन कपाटातच होता, आणि हातात असता तरी उचलला नसता.

तू मंडपाच्या त्या टोकाला पुष्पगुच्छ सांभाळत उभी होतीस, म्हणून तुला सगळं दिसलं नसेल. ते लिहिते.

ऑटोतून उतरलो तेव्हा अलीझाच्या हातात पहिला फोटो होता. तिने तो डोळ्यासमोर धरला, मग समोर पाहिलं. फाटक नव्हतं. झालरींचा मंडप होता, फुग्यांची कमान होती, कमानीवर हात जोडलेल्या सात-आठ माणसांचा फ्लेक्स होता. तिने पुन्हा फोटो बघितला. मग शांतपणे मागे वळली आणि ऑटोकडे बोट केलं. चुकीच्या जागी आलोय, चला, असं. ती रडली नाही की ओरडली नाही. तोवर तिचं सगळं बरोबर होतं. मीच तिला हात धरून पुढे नेलं. एवढी चूक माझी.

मग तुमची हलगी सुरू झाली. स्वागताची. शांत खोलीच्या उद्घाटनाला हलगी! कुणीतरी माईकवर ओरडत होतं, “विशेष बालिकेसाठी जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!” पाहुण्यांनी तिच्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला, आणि फोटोसाठी गालाला हात लावला. तिने स्वतःचं मनगट चावलं. निळ्या पट्ट्याच्या बरोबर वर. नासिरने तिला उचललं. अकरा वर्षांची पोर उचलून पळताना माणूस कसा दिसतो, ते तिथल्या पंचवीस मोबाइलमध्ये आहे.

त्या गर्दीत फोटोशी जुळणारी एकच गोष्ट होती, नीलाबाई. हिरव्या साडीत, ठरल्या जागी उभ्या. त्या आम्हाला खोलीकडे घेऊन गेल्या. खोलीत पाहुण्यांचा अल्पोपाहार चालू होता. एसी तेवढ्याच खोलीत आहे म्हणे. एक गृहस्थ चांगल्या मनाने म्हणाले, “या या, बसा ताई, उपमा गरम हाय.” आम्ही पाण्याच्या पंपामागे जाऊन बसलो. पंपाचा आवाज एकसारखा होता, तो तिला चालला. तिथून पाळणा दिसत होता. उभाच होता. पाहुण्यांचं भाषण झालं की ते बटण दाबणार होते. बाहेर येताना रांगेतली एक बाई म्हणाली, “पोरगी तर धडधाकट हाय की. मग रांगेतून सूट कशापायी?”

दुसऱ्या दिवशी यासेरने मोबाइलवर बातमी दाखवली. अलीझाचं तोंड उघडं, अंगावर शाल. खाली लिहिलंय, ‘चिमुकलीचा आनंद गगनात मावेना’.

ऑटोत सासूबाई एवढंच बोलल्या, “बच्ची का तमाशा बनाको रख दिये.”

तुला हे आधी माहीत होतं का? बाकी काही लिहू नकोस. एवढंच लिही.

सादिया

*

लातूर
२५ फेब्रुवारी २०२५

सादिया,

मला त्या दिवशी सकाळीच कळलं. मंडपवाले आले तेव्हा. तुम्ही एसटीत होता, फोन कपाटात. काय करणार होते? शेठसमोर माझं काय चालतं? मला वाटलं पंधरा मिनिटांत संपेल, मग पूर्ण दिवस तुमचाच.

मी तीन रात्री नीट झोपले नाही. माझ्यावर विश्वास ठेव.

शिवकन्या

*

मौजनगरी मनोरंजन उद्यान, औसा रोड, लातूर
दिनांक : १२ मार्च २०२५

प्रति,
श्रीमती सादिया नासिर, नांदेड

विषय : आपली दि. ३ मार्चची लेखी तक्रार.

महोदया,

आपले पत्र मिळाले. उद्यानाच्या विशेष सुविधा कक्षाच्या उद्घाटनप्रसंगी आपल्या पाल्यास झालेल्या गैरसोयीबद्दल व्यवस्थापन दिलगीर आहे. तथापि सदर कार्यक्रम आपल्या पाल्याच्या सन्मानार्थच आयोजित केलेला होता, ही बाब आपण लक्षात घ्यावी. आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे.

कळावे, लोभ असावा.

शिवकन्या दयानंद
व्यवस्थापक, विशेष सुविधा

*

नांदेड
१७ मार्च २०२५

व्यवस्थापकबाई,

अभिनंदन. पद नवीन दिसतं. मालकांना पत्र लिहिलं आणि सहीला तू आलीस. कॉलेजात माझ्या वह्यांवर नावं घालून द्यायचीस, तीच वळणदार अक्षरं.

परवा रमजानची साफसफाई करताना तुमची सत्काराची पिशवी सापडली. नारळ कुजला होता. शालीच्या घडीत कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका निघाली. मी बाजूला टाकत होते, नासिरने उचलली. छापलेला कागद हातात आला की तो आधी उलटा करून बघतो, सवय आहे. बोटाने अक्षरं चाचपली, उजेडात धरली आणि म्हणाला, “सोनेरी काम है. ठप्पे का ब्लॉक बनने को दो दिन, प्रूफ को एक, छपाई को एक. चार दिन से कम में कोई देताच नई. और जल्दी का काम भी नई है ये, सफाई से करे हैं.”

चार दिवस. तुला तर सकाळी कळलं होतं.

मग त्याने वाचून दाखवलं. ‘सत्कारमूर्ती : कु. अलीझा नासिर, नांदेड. (बेगमबी यांची नात)’. शिवकन्या, ईश्वरप्पा शेठना माझ्या सासूचं नाव कुणी सांगितलं? आणि मला आता तुझं अकरा तारखेचं पत्रही कळतं. ईदचा फ्रॉक. घरातलं मोठं माणूस. उशीर नको.

नासिर उठला. प्रेसमध्ये गेला, मशीन चालू न करता बसून राहिला. त्याच्या पोरीचं नाव पहिल्यांदा कार्डावर छापलं गेलं, आणि ते असं.

सादिया

*

लातूर
२४ मार्च २०२५

सादिया,

खोटं बोलले. आठ तारखेलाच कळलं होतं. शेठ म्हणाले, “कार्यक्रम न्हाई, तर खोली न्हाई. लोकास्नी कळाया नको का?” पत्रिकेचा मजकूर मीच लिहिला. तुला कळवलं असतं तर तू आली नसतीस.

तू यासेरच्या कार्डाबद्दल लिहिलं होतंस, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. वाटलं, तुम्ही लोकांची हजारो कार्डं छापता आणि तिचं नाव एकावर नाही. एकदा तरी असावं, तेही सोन्यात, सगळ्यात वर. बेगमबींनी ते व्यासपीठावर बसून बघावं. म्हणून त्यांचं नाव कंसात घातलं. खरं सांगते, ते लिहिताना मला आनंद झाला होता. तू कार्ड बघून रडशील आणि मला मिठी मारशील, असं मी मनात धरून बसले होते.

दुसरंही खरं आहे. कार्यक्रम नीट झाला तर मला व्यवस्थापक करू, हेही शेठ त्याच दिवशी बोलले होते. दोन्हींत कशाचं वजन जास्त होतं, मला सांगता येत नाही. मीही स्वतःला विचारून बघते.

खोलीवर पाटी अजून आहे. आत शेठचे पाहुणे बसतात. निळे पट्टे ओळखीच्या लोकांना जातात, रांग टाळायला. उदगीरचे ते लोक परत आले होते. त्यांना देण्यापुरता पट्टा उरला नव्हता. तक्रार घ्यायला मीच होते, व्यवस्थापक म्हणून.

एक करता येईल. सोमवारी पार्क देखभालीसाठी बंद असतं. मी पाळणेवाल्या संगप्पांशी बोलले आहे. फक्त अलीझासाठी पाळणा फिरवतील, ती म्हणेल तितका वेळ. हलगी नाही, माणूस नाही. मी आणि नीलाबाई. तू म्हणालीस तर मीही नाही. नवे फोटो काढून ठेवलेत. फाटकावर आता काही नाही. पाठवू?

शिवकन्या

*

नांदेड
७ एप्रिल २०२५

शिवकन्या,

ईद झाली. म्हणून उशीर.

फोटो पाठवू नकोस. का, ते सांगते, म्हणजे मी रागाने म्हणते असं तुला वाटणार नाही.

गेल्या महिन्यात तिला तापात डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी नेहमीसारखे फोटो काढले. ऑटो, दार, खुर्ची, घर. तिने ते माझ्या हातातून घेतले, एकेक उलटा करून फरशीवर ठेवला आणि तोंड फिरवलं. दोघांनी धरून न्यावं लागलं. दार तेच होतं, खुर्ची तीच होती, तरी ती वाटभर ओरडत होती. आता सेंटरलाही जात नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू, दोन-तीन वर्षं धरून चला.

ती तुझ्यावर नाराज नाही. तुला ती ओळखतही नाही. फोटो तिला मी दाखवला होता. शब्द माझा होता. आता मी काहीही दाखवलं तरी ती माझ्याकडे तशीच बघते, जशी मी तुझ्या पत्राकडे बघते.

तेव्हा तुझा सोमवार चांगला असेल. संगप्पा चांगले असतील. फाटकही मोकळं असेल. पण हे सगळं खरं आहे, हे तिला सांगायला माझ्याकडे आता काही उरलं नाही. न सांगता उचलून आणायची, तर मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय?

तू विचारलंस, कशाचं वजन जास्त होतं. मला त्याचा उपयोग नाही. तू फक्त पदासाठी केलं असतंस तर सोपं होतं, नाव टाकून मोकळी झाले असते. माझंच दुःख घेऊन तू त्याचं कार्ड छापलंस. आता कुणाला काही सांगताना मी दोनदा विचार करते. तुला तर सांगायचंच नाही.

तुझे ते जुने सहा फोटो तिने फेकलेले नाहीत. मी दिलेले सगळे उलटे करते, पण ते रोज सकाळी मांडते. फक्त पहिला मांडत नाही. फाटकाचा फोटो तिने स्वतःच्या हाताने गादीखाली सरकवला आणि वर बसली. आता ती खिडकीपासून सुरू करते. फाटकाशिवाय आत जाते, पाळण्याशी थांबते, बराच वेळ थांबते, आणि ऑटोत बसून परत येते. रोज जाते. आमच्यातलं कुणी सोबत लागत नाही.

एक काम मात्र तुला करावं लागेल. मी लिहिणं थांबवतेय, पण अलीझाला ते माहीत नाही. पोस्टमन आला की ती दारात उभी राहते. लातूरचा शिक्का तिला ओळखू येतो. दर पंधरा दिवसांनी तिच्या नावाने एक पाकीट टाकत जा. तिकिटं वेगवेगळी लाव. पत्त्यावर तिचं पूर्ण नाव लिही, पत्रिकेवर लिहिलं होतंस तसं. कंस नको.

आत काही घालू नकोस. पत्र नको, फोटो नको. मी उघडून बघणार नाही, पण तिला वजन कळतं.

सादिया